बाय, कंपनीवाल्याचा फोन पुन्हा आला होता

बाय,

तू म्हणाली होतीस, "मी मेले ना, मग सांग जा सगळ्या गावाला. तवर तोंड उघडलंस तर बघ." चुलीपुढे बसून, हातात फुंकणी घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली होतीस. मीही चिडून म्हटलं होतं, "मग मर एकदाची." आपण दोघी असंच बोलायचो. एकमेकींना मरायला सांगितल्याशिवाय आपला दिवस सरायचा नाही. आता तू खरंच गेलीस. अजून दहावा व्हायचाय, आणि ते तुझं वाक्य माझ्या गळ्यात अडकून बसलंय. परवानगी तर तू दिलेलीच आहेस. पण रागाच्या भरात दिलेली परवानगी धरायची की नाही, हे मी कुणाला विचारू? असले प्रश्न मी तुलाच विचारत आले.

तुझा नितीन मस्कतहून आलाय. दाढी वाढलीय, डोळे सुजलेत. परवा विचारत होता, "काकी, पेपरात आईचं काय देऊ?" मी म्हटलं, दे बाबा तुला काय द्यायचं ते. जन्म कुठला, माहेर कुठलं, मागे कोण कोण, यातलं मला काहीच सुचत नाहीये. मला आठवतंय ते तुझं पेजेत मीठ विसरणं, आणि वर मलाच ऐकवणं की कुंदे, तुझी जीभ मेली असंल. मला आठवतंय, मी कर्जतच्या बाजारात ब्लाउज शिवायचं दुकान टाकते म्हटलं तेव्हा मामंजी भरल्या ताटावरून उठले होते. तू ते ताट परत त्यांच्यापुढे सरकवलंस आणि म्हणालीस, "जेवा तुमी. ती जाईल दुकानात, सैपाकाचं मी बघते." बस, एवढंच. ना रडारड, ना आदळआपट. दुसऱ्या आठवड्यापासून मी टमटममध्ये बसून कर्जतला जायला लागले ती आजपर्यंत. त्याबद्दल मी तुला एका शब्दाने कधी काही म्हटलं नाही. जावाजावांमध्ये कसले आले आभार! पण म्हणायला हवं होतं गं.

नितीनची पोर तिकडे वाढतेय, पुढेमागे तिने हे वाचलं तर तिला कळावं म्हणून एक सांगते. आपल्याकडे लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून प्रत्येक विधीचा धवला तिला पाठ असतो, आणि ती गायल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. पोरी, तुझी आजी आमच्या पंचक्रोशीची धवलारीण होती. चौकपासून कर्जतपर्यंत लग्नाची तारीख धरायच्या आधी लोक तिला विचारायला यायचे, बाय मोकळी हाय ना म्हणून.

आणि बाय, तुझा तो नियम. धवला अर्ध्यात तोडायचा नाही. ज्या मावशीकडून तू शिकलीस तिने तुला बजावलं होतं, अर्धा राहिलेला धवला पोरीच्या संसाराला बाधतो. माझ्या लग्नात हळदीला जनरेटर बंद पडला, बँडवाल्यांनी आणि मंडपवाल्यांनी एकमेकांची गचांडी धरली, एक खांब आडवा झाला. तू आपली डोळे मिटून गातेच आहेस. मी पिवळ्या अंगाने पाटावर बसून तुझ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अगं आई, ही माझी थोरली जाऊ म्हणजे माणूस आहे का काय आहे!

तो नियम तू नुसता मांडवापुरता ठेवला असतास तर बरं झालं असतं. तू तो सगळीकडे लावलास. समोरचा बोलत असला की त्याचं पुरं झाल्याशिवाय तू तोंड उघडायची नाहीस. फोनवर तर विचारूच नको. समोरच्याने "ठेवतो" म्हटल्याशिवाय तू कधी फोन ठेवला नाहीस. कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरीचं सगळं पाठांतर ऐकून घ्यायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "नको गं बाला. तू जेवलीस का?" मी हसायचे. तू म्हणायचीस, "पोटासाठी बोलतेय ना ती. तिला मधेच कशाला तोडायचं?"

तुझ्याकडचा तो लॅपटॉप नितीनचाच. गेल्या खेपेला आला तेव्हा जुना झाला म्हणून तुला देऊन गेला, नातीचं तोंड मोठं दिसावं म्हणून. तू चार दिवस त्याच्यावर टॉवेल घालून ठेवलास. मग शिकलीस, आणि अशी शिकलीस की मला जळफळाट व्हायचा. लग्नांच्या शूटिंगवाल्यांकडून पेनड्राइव्ह मागून आणलेस, त्यातले तुझे धवले वेगळे काढलेस. शिकायला येणाऱ्या पोरींना म्हणायचीस, "मी असले नसले तरी हितं बघा." कपाळावर चष्मा, कमरेला पदर, आणि पडद्यावर स्वतःच्याच आवाजाच्या चुका काढायच्या. तू त्या दिवसांत फार खूश होतीस.

त्या दिवशीही तू पोरींसाठीच कुठलंतरी गाणं शोधत होतीस. कशावर तरी बोट पडलं आणि पडदा लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला. वर लिहून आलं की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बंद करू नका, बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, या नंबरवर फोन करा. पैशाची भीती नव्हती तुला. नितीनने विश्वासाने दिलेली वस्तू आपल्या हातून बिघडली, आणि पोरींची गाणी गेली, याची भीती. तू फोन लावलास.

पलीकडचा म्हणाला, कंपनीतून बोलतोय. कुठल्या कंपनीतून, ते तू विचारलं नाहीस. विचारणार तरी कशाला? खोपोली-खालापूरच्या पट्ट्यात "कंपनीत आहे" म्हटलं की मुलगी द्यायला लोक तयार होतात. कंपनीतला माणूस म्हणजे वजनदार माणूस, एवढंच आपण लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय बोलायला लोण्यासारखा. तुला माताजी म्हणाला. म्हणाला, घाबरू नका, मी इथूनच दुरुस्त करतो, तुम्ही फक्त मी सांगतो ते ॲप टाका म्हणजे तुमचा पडदा मला दिसेल.

मी दुकान बंद करून वाटीत सुकटीची चटणी घेऊन आले, तेव्हा तू टेबलाशी बसली होतीस. फोन कानाला. मला हाताने गप केलंस. आणि मी बघितलं, तुझे दोन्ही हात वर होते आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता.

"बाय, कोण चालवतंय गं हे?"

"कंपनीचा मानूस हाय. दुरुस्त करतोय. गप."

"मग बँकेचं पान कशाला उघडलंय?"

"तिथं पण व्हायरस गेलाय का बघतोय. तू बोलू नको मधी."

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्याच्या कपाटात हात घालणारा माणूस मला कळतो. मी तुझ्या कानाचा फोन ओढला आणि कापला. बाय, तू माझ्याकडे असं बघितलंस की तसं उभ्या आयुष्यात कधी बघितलं नव्हतंस. "तोडलास? अर्ध्यात तोडलास तू?" फोन परत वाजला. तू उचललास, आणि काय म्हणालीस? "बाला, राग मानू नको. माझी जाऊ जरा तापट हाय. तू बोल, तुझं पुरं कर."

यावर मी किती वेळा हसले आणि किती वेळा रडले ते माझं मला माहीत. तुझं घर फोडणाऱ्याची तू माझ्या वतीने माफी मागितलीस!

तू मला म्हणालीस, घरी जा तुझ्या. मी गेले, पण यांना शेतावरून बोलवायला. आम्ही दोघं धापा टाकत येईपर्यंत झालं होतं. मोबाईलवर आलेला ओटीपी तू त्याला वाचून दाखवला होतास, एकेक आकडा, सावकाश, पोरींना धवल्याचे शब्द सांगतेस तसा. काम झाल्यावर त्याने फोन कापला. तू तरीही फोन कानाला लावून बसली होतीस. त्याने "ठेवतो" म्हटलं नव्हतं ना.

किती गेलं ते मी लिहीत नाही. इतक्या वर्षांच्या लग्नांतली पाकिटं होती ती, एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी बँकेत तू डोक्यावरून पदर घेऊन बसलीस, डोळे फरशीवर. काउंटरवरच्या बाईने खातं बंद केलं आणि शांतपणे सगळं समजावलं. ती म्हणाली, मावशी, कुठलीच कंपनी असं पडद्यावर भोंगा वाजवून स्वतःचा नंबर देत नाही, आणि आपणहून फोन करून तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय असंही सांगत नाही. तो लाल पडदा म्हणजे नुसतं चित्र असतं. बटण दाबून धरायचं, बंद करायचं, नाहीतर सरळ इंटरनेट तोडायचं. आपला पडदा अनोळखी माणसाला दाखवायचा नाही. ओटीपी तर पोटच्या पोरालाही नाही. आणि चुकून झालंच, तर लाजत बसायचं नाही, त्याच घटकेला बँकेला आणि सायबरवाल्या पोलिसांना कळवायचं, कधी कधी पैसे वाटेत अडवता येतात. निघताना तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, हे लोक परत फोन करतात. पैसे परत देतो म्हणून गोड बोलतात आणि उरलेलंही नेतात. मी प्रत्येक शब्द ऐकला. तू काहीच ऐकत नव्हतीस. तू फक्त एकदा विचारलंस, "हे नितीनला कळंल का?"

पोलिसात जायला तू तयार झाली नाहीस. मी विनवलं, चिडले, यांनाही मध्ये घातलं. तू म्हणालीस, "त्या हवालदाराच्या लग्नाला मीच धवले म्हनले. त्याच्यापुढं खुर्चीत बसून सांगू, मला एका पोरानं येडी केली म्हनून?" मी म्हटलं, चोर तो आणि तोंड तू लपवतेस? तू म्हणालीस, दार मी उघडलं. मी म्हटलं, तुला वाटलं पाहुणा आहे. तू म्हणालीस, म्हातारी झाले तरी पाहुणा आणि चोर वळखता येईना, तर माझा उपेग काय? मी म्हटलं, निदान बायकांना तरी सांगू, बचत गटाच्या बैठकीत सांगू, दुसरी कुणी फसायची नाही. तेव्हा तू ती फुंकणी उचललीस आणि म्हणालीस ते म्हणालीस. हा आपला वाद मिटला नाही. माझ्या बाजूने तो अजून चालूच आहे.

नितीनला तू सांगितलंस, लॅपटॉप बिघडला. मग फोन उचलणंच बंद केलंस. वाजला की त्याच्यावर उशी ठेवायचीस. नितीन मला फोन करून विचारायचा, काकी, आई माझ्यावर रागावलीय का? मी काहीतरी थापा मारायचे, कान दुखतोय, रेंज नाही. त्याच्या मनाला काय वाटलं असेल, याचा तू विचार केलास का? केला असशील. मला सांगितला नाहीस.

आणि मग चौकहून लग्नाचं बोलावणं आलं. नारळ घेऊन माणसं दारात आली आणि तू नाही म्हणालीस. गुडघे दुखतात म्हणालीस. ती माणसं गेल्यावर मी तुझ्या अंगावर धावलेच. गुडघ्यांनी गातेस का तू? तू मान खाली घालून म्हणालीस, "कुंदे, जिला आपलं घर राखता आलं नाय, तिनं दुसऱ्याच्या पोरीच्या घरासाठी काय गायचं?" मला त्या माणसाचा एवढा संताप आधी कधी आला नव्हता. पैसे नेलेस ते नेलेस, मेल्या, तिचा गळाही नेलास? त्या लग्नात शेवटी स्पीकरवर कसलीतरी रेकॉर्ड लावली म्हणे.

तू गेल्यापासून मी एकाच गोष्टीशी झटतेय. तुझ्या त्या नियमाचा मला राग येतो. आणि त्याच नियमावर मी जगलेय. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा मी काय काय बरळायचे, देवाला शिव्या द्यायचे, सासूला द्यायचे, तुलाही द्यायचे. बाकीच्या बायका मधेच म्हणायच्या, असं बोलू नये, होईल दुसरं. तू एकदाही मला मधे तोडलं नाहीस. पाय दाबत बसायचीस आणि माझं पुरं होऊ द्यायचीस. त्या चोराला तू जे दिलंस तेच आधी मला दिलं होतंस. आता मी तुला येडी म्हणू की काय म्हणू? मला येत नाही ठरवता.

तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा शेजारच्या सुमननेच रिक्षा आणली. ती आणि मी तुला धरून कर्जतच्या दवाखान्यात घेऊन गेलो. रिक्षात तू मला म्हणालीस, "दुकान बंद ठेवलंस का आज?" आणि मी खेकसले, "मग काय तुला एकटीला पाठवू?" आपलं शेवटचं बोलणं ते. बरं झालं, नेहमीसारखंच झालं.

आता कालचं सांगते.

काल दुपारी ओटीवर दुखवट्याच्या बायका बसल्या होत्या. सुमन कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. नितीन आत माळ्यावरच्या वळकट्या काढत होता. तुझा फोन त्याने चार्ज करून ठेवला होता, कुणाकुणाचे फोन येतात म्हणून. तो वाजला. मी उचलला.

"माताजी, नमस्ते. पहचाना? कंपनी से बोल रहा हूँ. आपका कॉम्प्युटर ठीक किया था."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि ओटीच्या मध्ये ठेवला.

"बोलो," मी म्हटलं.

"आपका पैसा रिफंड हुआ है माताजी. बस कॉम्प्युटर चालू कीजिए और वही ॲप खोलिए, हम अभी डाल देते हैं."

"माताजी नहीं है. मर गयी वो."

जरा थांबला गं. मला वाटलं, लाजला की काय. मग तसाच मऊ आवाज: "बहुत दुख हुआ सुनके. आप कौन, बहू? तो आप ही खोल दीजिए ना. पैसा आपके खाते में आ जायेगा. जल्दी कीजिए, आज आखरी दिन है."

तुझी गादी अजून ओटीवर गुंडाळलेली होती, बाय. कोपऱ्यात दिवा होता. आणि हा मला म्हणत होता, जल्दी कीजिए. मी त्याला दोन शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही, तुला माझ्या शिव्या पाठ आहेत. तो पुढे काहीतरी बोलतच होता. दुखवट्याच्या घरून उठताना कुणी "येते" म्हणत नाही, गपचूप उठून चालू लागतात. मीही काही न म्हणता त्याला अर्ध्यात तोडला, आणि नंबर ब्लॉक केला.

बायका माझ्याकडे बघत होत्या. "कोन होता गं कुंदा? कसलं रिफंड?"

बाय, तेव्हा मी देवळातल्या देवाकडे बघावं तशी तुझ्या फोटोकडे बघितलं. तू काही मदत केली नाहीस. नितीन दारात येऊन उभा होता, त्यानेही ऐकलं होतं. मी मनात म्हटलं, आता हिला झाकून ठेवते, तर उद्या हा यातल्याच एखादीला फोन करणार. आणि सांगते, तर हिच्या दहाव्याआधी हिच्या नावाला बट्टा लावते. पण त्याचा आवाज अजून ओटीवर घुमत होता, आणि मला तुझ्या अब्रूपेक्षा त्या आवाजाचा जास्त राग आला. मी सांगितलं. लाल पडदा, भोंगा, कंपनी, ओटीपी, सगळं. तू त्याची माफी मागितलीस तेही सांगितलं. तू चौकच्या लग्नाला का गेली नाहीस तेही.

कुणी हसलं नाही, बाय. मी एकेकीचं तोंड बघत होते, हसली असती तर झिंज्याच धरल्या असत्या. कुणीसुद्धा हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "बाय बिचारी. वागली ती मानसासारखी, तोच निघाला राक्षेस." मग त्या विचारायला लागल्या, मोबाईलवर असा फोन आला तर काय करायचं, टीव्हीच्या डब्याचा म्हणून आला तर काय. बँकेतल्या बाईने सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. सगळ्यात आधी एकच शिका म्हटलं, फोन कापायला शिका. त्याचं पुरं होऊ देऊ नका. कंपनी म्हणू दे, बँक म्हणू दे, पोलीस म्हणू दे. कापायचा, आणि मग घरातल्या कुणाला तरी सांगायचं. तिथेच त्यातल्या एकीने मला तिच्या मोबाईलवर तसलं एक ॲप दाखवलं, कुणीतरी टाकायला लावलेलं. नितीनने ते काढलं.

नितीन नंतर माझ्याजवळ बसला. "मला का नाही सांगितलं काकी? मी रागावलो असतो का?"

"तू रागावशील असं नव्हतं रे तिला. तू हसशील, असं वाटलं असेल."

"मी? आईला?" तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

बायका एकेक करून उठून गेल्या. सुमन तेवढी उठली नाही. तिची चहाची कपबशी तशीच होती, चहावर साय धरलेली. मला वाटलं, दमली असेल, तुझ्यासाठी तीही कमी धावली नाही. मी म्हटलं, सुमन, जा गं आता, घरी वाट बघत असतील. ती म्हणाली, "कुंदा, माझी पाटली आठवतेय तुला?"

कशी विसरेन? गेल्या लावणीला शेतात पडली म्हणाली होती. तिचं अख्खं घर चिखल चाळत होतं. आणि तू, बाय, तूही उतरली होतीस. गुडघ्यांवर लुगडं खोचून, बांधापासून बांधापर्यंत, हाताने गाळ चाचपत. मी ओरडत होते, अगं तुझी कंबर जाईल. तू म्हणत होतीस, सोन्याची वस्तू हाय, बिचारीला घरात काय काय ऐकावं लागंल. दिवस मावळेपर्यंत शोधलीत तुम्ही दोघींनी.

"ती शेतात नव्हती गं पडली," सुमन म्हणाली. "मला पण असाच फोन आलता. मोबाईलमधी व्हायरस हाय म्हनून. यांची पेन्शन गेली समदी. मग मी खोपोलीला जाऊन पाटली मोडली आणि खात्यात भरली. घरात सांगितलं, चिखलात पडली."

तुझ्या त्या लाल पडद्याच्या आधीची गोष्ट ही. तुमची भिंतीला भिंत. रोज उठून एकमेकींची तोंडं बघायचात.

"आणि बायला चिखलात शोधू दिलंस?" मी विचारलं. रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं.

सुमनने पदर तोंडावर घेतला. तू गेलीस त्या दिवशी ती इतकी रडली नव्हती. म्हणाली, "किती येळा ओठावर आलं गं. पन बाय हुशार बाई, कॉम्प्युटर चालवनारी. मला वाटलं, तिला सांगितलं तर ती हसंल. म्हनंल, सुमे, मी असते तर कदी फसले नसते."

बाय, हे ऐकायला तू हवी होतीस.